दोष बॅटरीचा की अल्टरनेटरचा?

प्राथमिक आरोग्य केंद्राची रुग्णवाहिका ऐन वेळी सुरू झाली नाही की ठपका बहुधा बॅटरीवर येतो. नवी बॅटरी बसविली जाते, चार-सहा दिवस बरे जातात आणि पुन्हा तोच प्रकार घडतो. अशा वेळी दोष पुष्कळदा बॅटरी भरणाऱ्या अल्टरनेटरमध्ये असतो. जुन्या पद्धतीच्या डिझेल इंजिनात तर तो लपून राहतो; कारण एकदा सुरू झालेले इंजिन अगदी थोड्या विजेवर चालत राहते. रुग्णाच्या दारी ते बंद केल्यावरच बॅटरी रिकामी झाल्याचे उघडकीस येते.

अल्टरनेटरचा रोटर इंजिनावरील पट्ट्याने फिरतो. रोटरच्या वेटोळ्यास प्रवाह मिळाला की तो विद्युतचुंबक बनतो व सभोवतालच्या स्थिर वेटोळ्यांत प्रत्यावर्ती प्रवाह निर्माण होतो. डायोड त्याचे एकदिश प्रवाहात रूपांतर करतात. रेग्युलेटर दाब मर्यादेत ठेवतो. फिरत्या रोटरला प्रवाह पोचविण्याचे काम मात्र कार्बनचे दोन लहान ब्रश करतात. स्प्रिंगच्या दाबाने ते रोटरच्या दोन कड्यांवर सतत घासत असतात. जुन्या डायनॅमोत निर्माण झालेली सारी वीज ब्रशांतूनच बाहेर येई. अल्टरनेटरच्या ब्रशांतून काही अँपिअरच जात असल्याने ते वर्षानुवर्षे टिकतात, आणि म्हणूनच विसरलेही जातात.

झिजलेला ब्रश एकदम दगा देत नाही. खड्ड्यातून जाताना लाल दिवा लुकलुकतो, दिव्यांचा उजेड कमी-अधिक होतो. किल्ली फिरविल्यावर, इंजिन सुरू होण्यापूर्वी, हा लाल दिवा लागलाच पाहिजे. तो मुळीच न लागल्यास बल्ब गेला असावा किंवा ब्रश कड्यांना टेकत नसावेत.

तपासणीचा आरंभ पट्ट्यापासून करावा. सैल पट्टा हेही नेहमीचेच कारण आहे. नंतर बॅटरीची टोके स्वच्छ व घट्ट आहेत याची खात्री करून मल्टिमीटर लावावा. १२ व्होल्टची भरलेली बॅटरी इंजिन बंद असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. इंजिन वेगाने चालू असता हा आकडा सामान्यतः १३.८ ते १४.४ असावा. तो वाढतच नसेल तर बॅटरी विकत घेण्याची घाई करू नये. संगणक-नियंत्रित नव्या वाहनांत आकडे बदलतात. तेथे निर्मात्याची पुस्तिका पाहावी.

ब्रश काढण्यापूर्वी बॅटरीची ऋण तार सोडवावी. बाहेर आलेला भाग सुमारे ५ मिलिमीटरहून कमी उरला असल्यास दोन्ही ब्रश एकदमच बदलावेत. कड्या काळवंडल्या असतील तर बारीक पॉलिश कागदाने पुसाव्यात. खोल चरे पडले असल्यास नवे ब्रशही लवकर झिजतात. ब्रश ठीक असूनही उभ्या गाडीची बॅटरी रातोरात उतरत असेल, तर डायोडचा संशय घ्यावा.

चालू इंजिनावर बॅटरीची तार काढून पाहण्याची जुनी सवय काही गॅरेजांत अद्याप आढळते. डायनॅमोच्या काळात ती खपून गेली. अल्टरनेटरमध्ये मात्र दाब अकस्मात उसळून डायोड व रेग्युलेटर दोन्ही जळू शकतात.