हरणाऱ्या टीमचं हट्टी शहर

एनबीए म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर कोण येतं? लेकर्स, वॉरियर्स, फार तर बुल्स. सॅक्रामेंटो किंग्जचं नाव क्वचितच कुणी घेईल. पण ऑक्टोबर २०१९मध्ये एनबीएचे भारतातले पहिले सामने वरळीच्या एनएससीआय डोममध्ये झाले, तेव्हा इंडियाना पेसर्ससमोर हीच टीम उतरली होती. (दोन्ही सामने हरली, पहिला फक्त एका पॉइंटने!) तिचे मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचेच. तेव्हा या टीमची कुंडली मांडायलाच हवी.

किंग्जचा एकमेव एनबीए किताब १९५१चा. तोही सॅक्रामेंटोत नाही, तर न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टरमध्ये मिळालेला. पुढे सिनसिनाटी, मग कॅन्सस सिटी असं बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरत टीम १९८५मध्ये कॅलिफोर्नियाच्या या राजधानीत आली. अमेरिकेत हे चालतं. लीगने होकार दिला की मालक टीम दुसऱ्या शहरात हलवू शकतो. उद्या मुंबई इंडियन्स मुंबईतून कायमची गेली तर? तसंच काहीसं.

सॅक्रामेंटोने मात्र टीमला जीव लावला. २००१-०२चा सीझन तर स्वप्नवत. ख्रिस वेबर, व्लादे दिवाच, माइक बिबी. ८२पैकी ६१ विजय, लीगमध्ये सर्वाधिक. वेस्टर्न फायनलमध्ये लेकर्सवर ३-२ आघाडी. आणि सहाव्या सामन्यात शेवटच्या क्वार्टरमध्ये लेकर्सना तब्बल २७ फ्री थ्रो! त्या अंपायरिंगवर आजही वाद होतात. सातवा सामना घरच्या कोर्टवर ओव्हरटाइममध्ये गेला, आणि हातचा निसटला.

तिथून घसरण सुरू. २००६नंतर सलग १६ सीझन प्लेऑफ नाही. एनबीएच्या इतिहासात इतका लांब दुष्काळ कुणाच्या वाट्याला आला नव्हता. त्यात २०१३मध्ये जुन्या मालकांनी टीम सिएटलच्या गुंतवणूकदारांना विकायचं ठरवलं. २००८मध्ये सिएटलचीही टीम अशीच दुसरीकडे गेली होती, त्यामुळे तिथले फॅन्सही आसुसलेले. इकडे सॅक्रामेंटोचे महापौर केव्हिन जॉन्सन, स्वतः एनबीएचे माजी खेळाडू, फॅन्सना घेऊन उभे राहिले. नव्या स्टेडियमसाठी महापालिकेने पैसे द्यायची तयारी दाखवली. लीगच्या मतदानात स्थलांतर २२ विरुद्ध ८ मतांनी फेटाळलं गेलं आणि रणदिवेंच्या गटाने टीम विकत घेतली.

म्हणजे टीम वाचली, ती खेळून नाही. त्या वर्षी तर ती हरतच होती. ती वाचली कारण शहर हटून बसलं.

त्याचं फळ मिळायला मात्र आणखी दहा वर्षं गेली. मधल्या काळात २०१८च्या ड्राफ्टमध्ये लुका डॉन्चिचला सोडून मार्विन बॅगलीला घेण्यासारखे निर्णयही फॅन्सनी सोसले. अखेर २०२३मध्ये कोच माइक ब्राऊनच्या हाताखाली ४८ विजय आणि प्लेऑफ! प्रत्येक विजयानंतर स्टेडियमवरून आकाशात जांभळा लेझर सोडला जायचा आणि अख्खं शहर वर बघायचं. पहिल्याच फेरीत स्टीफन करीच्या ५० पॉइंट्सनी सातवा सामना हिरावला, ती गोष्ट वेगळी.

पुढच्याच वर्षी प्लेऑफ पुन्हा हुकलं. डिसेंबर २०२४मध्ये ब्राऊनला काढलं, दोन महिन्यांत स्टार गार्ड डी'एरन फॉक्सही गेला. म्हणजे पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

तुमची आयपीएल टीम तळाला गेली की तुम्ही जर्सी कपाटात टाकता ना? टाका, पण त्याआधी सॅक्रामेंटोचा हा हट्ट एकदा आठवा.