भाकरीचा मोर्चा आणि रेडिओची खरखर

भाकरी मागायला निघालेला कामगार रेडिओच्या यंत्रावर का चालून जाईल? पोलंडमधील पोझनान शहरात २८ जून १९५६ रोजी हेच घडले.

स्टॅलिनचे नाव दिलेल्या तिथल्या मोठ्या कारखान्यात कामाचा बोजा वाढला होता, हाती पडणारा पगार मात्र तुटपुंजा होता. पगारातून जादा कापलेला कर परत द्या, ही साधी मागणीही रखडली होती. अखेर सकाळीच कामगार रस्त्यावर उतरले. पाहता पाहता सुमारे एक लाख लोक जमले. ‘भाकरी हवी, स्वातंत्र्य हवे’ अशा घोषणा दुमदुमल्या. मोर्च्यातील काहीजण सामाजिक विमा कार्यालयाच्या गच्चीवर चढले आणि तिथली यंत्रे त्यांनी खाली रस्त्यावर फेकून दिली.

ही यंत्रे कसली? परदेशी रेडिओ जनतेला ऐकू येऊ नये म्हणून सरकारने बसवलेली! ज्या लहरीवर परक्या केंद्राच्या बातम्या येत, त्याच लहरीवर ही यंत्रे जवळून मोठी खरखर सोडत. दूरचा आवाज त्यात बुडून जाई. अशा यंत्रांचा जोर शहरांत जास्त. म्हणून सोव्हिएत संघातले लोक शहराबाहेर जाऊन रेडिओ लावत.

सोव्हिएत संघाने १९४८ साली ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’चा आवाज असा दाबायला सुरुवात केली. त्याच वर्षी १० डिसेंबरला संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. देशांच्या सीमांची आडकाठी न होता माहिती मिळवण्याचा हक्क त्याच्या १९ व्या कलमात आहे. मतदानात सोव्हिएत संघ आणि पोलंड तटस्थ राहिले.

परदेशी केंद्रेही काही धुतल्या तांदळासारखी नव्हती. पोलिश भाषेत बातम्या देणाऱ्या ‘रेडिओ फ्री युरोप’ला अमेरिकेच्या सीआयए या गुप्तहेर खात्याचा पैसा अनेक वर्षे छुपेपणाने मिळत होता. पण खरे-खोटे पारखणे हे ऐकणाऱ्याचे काम. कानच बंद केले तर पारख करायची कशी?

त्या दिवशी सरकारने कामगारांवर रणगाडे घातले. ५० हून अधिक माणसे मारली गेली. त्यांत १३ वर्षांचा एक मुलगाही होता. मात्र नोव्हेंबर १९५६ मध्ये पोलंड सरकारने आपली खरखर बंद केली. शेजारच्या देशांतून ती येतच राहिली. सोव्हिएत संघाने ती पूर्णपणे थांबवली १९८८ च्या अखेरीस.

पगार कापणारा हात आणि कान दाबणारा हात एकच आहे, हे पोझनानच्या कामगारांनी ओळखले होते.