बैलाचे दुखणे, गिधाडाचे मरण

भरतपूरच्या केवलादेव उद्यानात १९८७-८८ मध्ये पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची साडेतीनशेच्या आसपास घरटी होती. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश यांनी ती मोजली होती. १९९६ च्या सुमारास त्यांनी पुन्हा मोजणी केली, तेव्हा निम्म्याहून अधिक घरटी नाहीशी झाली होती. उरलेले पक्षी फांदीवर मान खाली टाकून बसलेले दिसत आणि मग झाडाखाली मरून पडलेले सापडत. दशक संपेपर्यंत तिथली ही वसाहत जवळजवळ उठली.

भरतपुरात जे घडले तेच देशभर घडत होते. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९.९ टक्क्यांनी घटली. म्हणजे हजारातले एक उरले. लांब चोचीची आणि बारीक चोचीची गिधाडे मिळून जवळजवळ ९७ टक्क्यांनी कमी झाली. कुणी कीटकनाशकांवर संशय घेतला, कुणी विषाणूवर. कारण निघाले ते आपल्या घराघरांतल्या औषधांच्या डब्यात असलेले एक नाव: डायक्लोफिनॅक. कंबर धरली, गुडघा सुजला, दाढ काढली की आपण घेतो तेच.

गिधाडांच्या मरणाची ही हकिगत पर्यावरणाच्या पानावर छापली जाते आणि गोळीचे दुष्परिणाम आरोग्याच्या पानावर. माझ्या मते ही दोन्ही पाने एकत्र वाचायला हवीत. कारण शरीरे वेगळी असली तरी औषध एकच आहे.

विलोच्या सालीपासून

दाह कमी करून वेदना शमवणाऱ्या या औषधांचे मूळ विलो नावाच्या झाडाच्या सालीत आहे. एडवर्ड स्टोन या इंग्रज धर्मगुरूने ही साल वाटून हिवतापासारख्या तापाच्या रुग्णांना दिली आणि १७६३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला तसे पत्राने कळवले. पुढे १८९७ मध्ये जर्मनीतल्या बायर कंपनीत फेलिक्स हॉफमन यांनी शुद्ध ॲसिटिलसॅलिसिलिक ॲसिड तयार केले. तेच दोन वर्षांनी ॲस्पिरिन म्हणून बाजारात आले. आयबुप्रोफेन १९६९ मध्ये ब्रिटनमध्ये आले आणि सत्तरच्या दशकात स्वित्झर्लंडच्या सिबा-गायगी कंपनीने डायक्लोफिनॅक आणले.

ही औषधे नेमके काय करतात, हे मात्र १९७१ पर्यंत ठाऊक नव्हते. त्या वर्षी जॉन व्हेन यांनी दाखवून दिले की ॲस्पिरिनमुळे शरीरात प्रोस्टाग्लँडिन तयार होणे थांबते. या शोधासाठी १९८२ च्या नोबेल पुरस्कारात त्यांचा वाटा होता. इजा झाली की तिथल्या पेशी सायक्लोऑक्सिजिनेज, म्हणजे ‘कॉक्स’ नावाच्या विकराच्या मदतीने प्रोस्टाग्लँडिन बनवतात. रक्तवाहिन्या रुंदावतात, भाग लाल होतो, सुजतो आणि तिथल्या नसा हळव्या होतात. ही औषधे त्या विकरालाच अडवतात. पॅरासिटामॉल ताप आणि दुखणे कमी करते, पण सूज उतरवण्यात त्याचा फारसा उपयोग होत नाही. म्हणून ते या कुळात धरत नाहीत.

उपकार खरेच आहेत

मुतखड्याची कळ ज्याने सोसली आहे, त्याला डायक्लोफिनॅकच्या इंजेक्शनची किंमत सांगावी लागत नाही. या कळेवर ते आजही पहिल्या पसंतीच्या औषधांत आहे. गाउटमध्ये पायाच्या अंगठ्याला चादरीचा स्पर्शही सोसवत नाही, आमवातात सकाळी बोटे उघडत नाहीत, अँकिलॉझिंग स्पाँडिलायटिसमध्ये ऐन तारुण्यात पाठीचा कणा आखडतो. अशा माणसांना या औषधांनी पुन्हा चालते-फिरते केले. पाळीच्या कळांमुळे दरमहा अंथरूण धरणाऱ्या मुली मेफेनॅमिक ॲसिडच्या आधाराने परीक्षा देतात, नोकरीवर जातात. शस्त्रक्रियेनंतर ही औषधे दिली की अफूवर्गीय औषधे कमी लागतात. ॲस्पिरिनचा अगदी छोटा डोस रक्तबिंबिकांना चिकटू देत नाही, म्हणून हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांना तो दिला जातो.

सर्वांत विलक्षण उदाहरण अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे. गर्भात असताना फुप्फुसांना वळसा घालून रक्त नेणारी एक वाहिनी असते. जन्मानंतर ती मिटायला हवी. दिवस पुरे होण्याआधी जन्मलेल्या बाळात ती कधी कधी उघडीच राहते, कारण प्रोस्टाग्लँडिन तिला उघडे ठेवते. अशा वेळी आयबुप्रोफेन किंवा इंडोमेथॅसिन देऊन ती मिटवता येते. हेच औषध गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत आईने घेतले तर पोटातल्या बाळाची तीच वाहिनी वेळेआधी आकसू शकते. औषध तेच, परिणामही तोच. फरक आहे तो कोणाच्या शरीरात आणि कधी याचा.

जिथे दुखत नाही, तिथेही

गोळीला गुडघ्याचा पत्ता ठाऊक नसतो. ती रक्तातून सगळीकडे जाते, आणि प्रोस्टाग्लँडिनही सगळीकडे आपापल्या कामावर असते. जठरात ते आम्लापासून बचाव करणारा बुळबुळीत थर राखते. तो थर विरळ झाला की व्रण होतो. दुखणे दाबलेले असल्यामुळे अनेकदा या व्रणाची जाणीवच होत नाही आणि डांबरासारखे काळे शौच झाल्यावरच रक्तस्राव कळतो. इंजेक्शन घेतल्याने जठर वाचते, हा समज खरा नाही. औषध शेवटी रक्तातूनच तिथे पोचते.

मूत्रपिंडात प्रोस्टाग्लँडिनचे काम आणखी नाजूक आहे. शरीरात पाणी कमी पडले, रक्तपुरवठा रोडावला की ते मूत्रपिंडात रक्त आणणाऱ्या बारीक वाहिन्या रुंद ठेवते. धडधाकट तरुणाने दोन दिवस गोळी घेतली तर बहुधा काही बिघडत नाही. पण जुलाबांनी कोरडा पडलेला, उन्हात दिवसभर राबलेला किंवा वयस्कर माणूस याच आधारावर तगून असतो. त्यात टेल्मिसार्टन किंवा एनालाप्रिलसारखी रक्तदाबाची गोळी आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर तिन्ही मिळून मूत्रपिंड अचानक बंद पाडू शकतात. आपल्या घरातले बरेच आजी-आजोबा पहिल्या दोन गोळ्या रोज घेतात. तिसरी त्यांना कुणीतरी प्रेमाने आणून देते.

जठराला जपणारी औषधे म्हणून कॉक्स विकराच्या कॉक्स-२ या एकाच प्रकाराला अडवणारी औषधे आली. त्यातले रोफेकॉक्सिब, म्हणजे व्हायॉक्स, १९९९ मध्ये बाजारात आले आणि हृदयविकाराचा धोका वाढतो हे सिद्ध झाल्यावर ३० सप्टेंबर २००४ रोजी कंपनीने ते जगभरातून मागे घेतले. २०१३ मध्ये ‘लॅन्सेट’ने शेकडो चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण छापले. त्यानुसार कॉक्स-२ रोधक किंवा डायक्लोफिनॅक मोठ्या डोसमध्ये वर्षभर घेणाऱ्या दर हजार रुग्णांमागे सुमारे तिघांना जास्तीचा हृदयविकार किंवा पक्षाघातासारखा आघात होतो आणि त्यातला एक दगावतो.

गोठ्यातून गिधाडाकडे

१९९० च्या दशकात डायक्लोफिनॅक स्वस्त होऊन गोठ्यात पोचले. बैल लंगडू लागला, गाईच्या कासेला दगडी झाली की इंजेक्शन दिले जाई. यात कुणाचीही लबाडी नव्हती. मुक्या जनावराचे दुखणे कमी व्हावे, एवढीच इच्छा होती. पण काही जनावरे इंजेक्शन घेतल्यानंतर दोन-चार दिवसांतच मरत आणि गावाबाहेर टाकली जात. गिधाडे तिथे शेकड्यांनी उतरत.

पाकिस्तानातल्या पंजाबात लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी मेलेली गिधाडे तपासली. त्यांच्या अवयवांवर खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर साचला होता. तो युरिक ॲसिडचा होता. मूत्रपिंडे बंद पडल्यामुळे ते बाहेर टाकले गेले नव्हते. असा थर असलेल्या पंचवीसच्या पंचवीस पक्ष्यांच्या मूत्रपिंडात डायक्लोफिनॅक सापडले. इतर कारणांनी मेलेल्या तेरांत ते नव्हते. हे संशोधन २००४ मध्ये ‘नेचर’मध्ये आले. एवढा संहार व्हायला शंभर मेलेल्या जनावरांत एकाहूनही कमी जनावर दूषित असणे पुरेसे आहे, असे गणिताने दाखवले. कारण एका जनावरावर कितीतरी गिधाडे जेवतात.

गिधाडे गेली आणि सडणारी जनावरे भटक्या कुत्र्यांच्या वाट्याला आली. मुंबईच्या मलबार हिलवरच्या डुंगरवाडीत, मृतदेह गिधाडांच्या स्वाधीन करणाऱ्या पारशी समाजाला अंत्यविधीसाठी सूर्यकिरण एकवटणाऱ्या यंत्रांचा आधार घ्यावा लागला. एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये मांडलेला अंदाज तर हादरवणारा आहे. २००० ते २००५ या काळात गिधाडे नाहीशी झाल्यामुळे भारतात दरवर्षी सुमारे एक लाख जास्तीची माणसे मेली. बैलाला दिलेले औषध असे फिरून माणसापर्यंत आले.

इंजेक्शन न सोडता

मे २००६ मध्ये सरकारने जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदीचा आदेश काढला. तरी माणसांसाठीच्या ३० मिलिलिटरच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जातच राहिल्या. २०१५ मध्ये ३ मिलिलिटरच्या एका डोसची मर्यादा घातली गेली. २०२३ मध्ये जनावरांसाठी केटोप्रोफेन आणि ॲसेक्लोफिनॅकवरही बंदी आली. ॲसेक्लोफिनॅक तर गाईच्या शरीरात डायक्लोफिनॅकमध्येच बदलते.

आज रायगड जिल्ह्यात म्हसळ्याजवळच्या चिरगाव परिसरात महाडची ‘सिस्केप’ ही संस्था गावकऱ्यांसोबत गिधाडे जपते आहे. जानेवारी २०२४ मध्ये हरियाणातल्या पिंजोरच्या प्रजनन केंद्रातली २० गिधाडे ताडोबा आणि पेंचमध्ये आणली गेली. पण ती मोकळ्या आभाळात जगणार की नाही, हे आसपासच्या गावांत जनावरांना कोणते इंजेक्शन दिले जाते यावर ठरेल.

डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांबाबतही आपल्याला हेच करायचे आहे: औषध सोडायचे नाही, पण कोणते, कोणाला आणि किती हे पाहायचे. ताप डेंग्यूचा असण्याची शक्यता असेल तर आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन, डायक्लोफिनॅक टाळून पॅरासिटामॉल घ्यावे, नाही तर रक्तस्राव वाढू शकतो. दमा, अल्सर, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार, गर्भारपण, चालू असलेल्या इतर गोळ्या, हे सगळे गोळी घेण्याआधी डॉक्टरांना सांगावे. गुडघा एकच दुखत असेल तर मलम आधी वापरून पाहावे. त्यातले औषध रक्तात फार थोडे उतरते. गोळी लागलीच तर कमीत कमी डोस, कमीत कमी दिवस. आईला दुकानातून गोळ्यांची पट्टी आणून देताना तिच्या रोजच्या गोळ्यांची यादी सोबत न्यावी.

बैलाला वेदनेत ठेवून गिधाड वाचवावे, असे कुणीही म्हटले नाही. संशोधकांनी याच कुळातले मेलॉक्सिकॅम गिधाडांना देऊन पाहिले आणि ते सुरक्षित असल्याचे २००६ मध्ये जाहीर केले. बैलाचा पाय त्यानेही बरा होतो, आणि उद्या तो बैल मेला तर त्याच्यावर उतरलेले गिधाड जेवून उडून जाते.