चाक निखळलं की कोणाला धरायचं?

जपानमधल्या एका अपघाताची बातमी वाचून अनेकांनी नेहमीचाच निष्कर्ष काढला: नट नीट आवळले नसतील. तिथे डिसेंबर २०२३ च्या सुरुवातीला धावत्या अवजड गाडीचं चाक सुटलं आणि रस्त्याकडेला काम करणारा माणूस ठार झाला. नटांचा संशय बहुतेक वेळा खराच निघतो. पण तिथेच थांबलं की काय होतं, हे जपाननेच एकदा अनुभवलं आहे.

चाक बोल्टांवर टांगलेलं असतं, असं आपण धरून चालतो. खरं तर ते दाबावर टिकतं. सुमारे ६०० न्यूटन-मीटर जोराने नट आवळला की बोल्ट किंचित ताणला जातो आणि चाकाची तबकडी आसाच्या टोकाला असलेल्या हबवर करकचून दाबली जाते. एकेका नटाचा दाब दहा टनांच्या पुढे, आणि मोठ्या ट्रकच्या चाकाला असे दहा नट. गाडीचा भार पेलतं ते या दाबातून येणारं घर्षण. मध्ये गंज, माती किंवा रंगाचा जाड थर राहिला तर गाडी धावता धावता तो चिरडतो, फट पडते आणि ताण उतरतो. मग नट फिरू लागतात, नाहीतर बोल्ट थकून तुटतात. म्हणून चाक बसवल्यावर ५० ते १०० किलोमीटर गाडी चालवून नट पुन्हा आवळायचे असतात. सगळ्यात जास्त टाळलं जातं ते हेच काम.

सुटलेलं चाक शंभर किलोच्या आसपास भरतं. ते फिरत्या भोवऱ्यासारखं उभंच राहतं, गाडीचाच वेग घेऊन दुभाजकावरून उडतं, पदपथावर चढतं. मागे जोडचाकं असलेल्या गाडीत चालकाला पत्ताही लागत नाही.

जपानमध्ये २०११-१२ या आर्थिक वर्षात मोठ्या ट्रक-बसची चाकं निखळल्याच्या ११ घटना नोंदल्या गेल्या. २०२२-२३ मध्ये त्या १४० झाल्या. बहुतेक घटना हिवाळ्यातल्या, बर्फाळ भागातल्या, टायर बदलल्यानंतर महिनाभरातल्या. आणि निखळतं ते प्रामुख्याने मागचं डावं चाक.

डावंच का? जपानमध्ये पूर्वी डाव्या चाकांना उलटे आटे असत. २०१० च्या सुमारास आंतरराष्ट्रीय पद्धत आली आणि दोन्ही बाजूंना सुलटे आटे झाले. त्यामुळे डाव्या बाजूचे नट चालताना सैल होतात, असं अनेकांचं म्हणणं. मला ते पुरेसं वाटत नाही. दोष फक्त आट्यांचा असता तर पुढची डावी चाकंही तितकीच निखळायला हवी होती. दुसरं स्पष्टीकरण मला अधिक पटतं. डावीकडून वाहतूक चालते तिथे रस्त्याचा उतार डावीकडे असतो, म्हणून भार तिकडे झुकतो. उजवीकडचं वळण वेगात घेताना तो आणखी वाढतो. डावीकडचं वळण आखूड असतं. तेव्हा मागची डावी चाकं जवळजवळ जागच्या जागी पिळली जातात. आपल्याकडेही वाहतूक डावीकडूनच चालते, हे विसरू नये.

आता जपानने अनुभवलेलं ते प्रकरण, योकोहामाचं. १० जानेवारी २००२ रोजी एका ट्रेलरचं पुढचं चाक निखळून उतारावर सुमारे ५० मीटर घरंगळलं. दोन लहान मुलांना घेऊन चाललेल्या २९ वर्षांच्या आईला ते पाठीमागून आदळलं. ती गेली, मुलं किरकोळ जखमांवर बचावली. चाकाचं वजन होतं सुमारे १४० किलो. गाडी मित्सुबिशीची. कंपनीने बोट दाखवलं ते देखभालीकडे, म्हणजे ट्रकमालकाकडे. इथे नट सैल झालेच नव्हते. हब मोडला होता, आणि तसे हब त्याआधीही मोडत आले होते. रचनेतच दोष असल्याची कबुली यायला २००४ उजाडलं. मग हजारो गाड्या परत बोलवाव्या लागल्या. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन माजी अधिकाऱ्यांची शिक्षा कायम केली.

दोष सर्वांत खालच्या माणसावर टाकणं किती सोपं असतं, हे या प्रकरणातून दिसलं. कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांताने वेगळा मार्ग धरला. १९९५ मध्ये तिथे उडत्या चाकांनी बळी घेतले. १९९७ च्या कायद्याने ‘आम्ही पुरेशी काळजी घेतली होती’ हा बचावच काढून टाकला. चाक निखळलं की गाडी चालवणारी कंपनी दोषी. दंड २,००० ते ५०,००० डॉलर. कायदा कठोर आहे, पण त्यामुळे पुन्हा आवळणी कोणी करायची हा प्रश्न मालकाच्या टेबलावर येतो.

आपल्याकडे तो प्रश्न पंक्चरवाल्याच्या ओट्यावरच संपतो. पान्याला पाइप अडकवून, त्यावर पाय देऊन नट आवळले जातात. किती जोर लागला, कोणी मोजत नाही. कमी पडला तर चाक सैल, जास्त झाला तर बोल्ट कायमचा ताणून निकामी. चालक पैसे देऊन निघतो. माल वेळेत पोचवायचा असतो. शंभर किलोमीटरवर घाटातल्या टपरीजवळ थांबून पुन्हा नट बघ, असं त्याला कोणी सांगत नाही आणि त्या अर्ध्या तासाचे पैसेही देत नाही. फिटनेस प्रमाणपत्र नव्या व्यावसायिक गाडीला आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांतून एकदा, पुढे दरवर्षी. काल बदललेल्या चाकाबद्दल ते काहीच सांगू शकत नाही.

उपाय महागडे नाहीत. नटावरून चाकावर रंगाची एक सलग रेघ ओढली की नट हलल्याबरोबर ती तुटलेली दिसते. नटाभोवती गंजाचे ओघळ दिसले तर गाडी हलवू नये. बसवण्याआधी तबकडी आणि हब तारेच्या ब्रशने घासावेत. जोर मोजणारा पाना, म्हणजे टॉर्क रेंच, प्रत्येक वाहतूकदाराकडे असावा, आणि चाक बदलल्याची वेळ व पुन्हा आवळल्याची वेळ गाडीच्या कागदांत लिहिलेली असावी. ती दुसरी नोंद कोरी असेल, तर दंड चालकाला नव्हे, मालकाला व्हावा. आणि एकाच बनावटीच्या गाड्यांची चाकं पुन्हा पुन्हा निखळत असतील, तर तपास कारखान्याच्या दारापर्यंत गेलाच पाहिजे.