काटा खरा की दिलासा?

बऱ्याच आधुनिक गाड्यांत इंजिनाच्या तापमानाचा काटा मध्यावर जाऊन बसतो आणि पाणी थोडं कमी-जास्त तापलं तरी हलत नाही. चालकाला घोर लागू नये म्हणून कंपनीनेच तशी सोय केलेली असते. खरा आकडा हवा असणारे म्हणूनच वेगळे गेज लावतात: पाण्याचं तापमान, ऑइलचा दाब, टर्बो असेल तर बूस्ट.

सर्रास मिळणारं गेज ५२ मिलिमीटर व्यासाचं. ते विंडशील्डशेजारच्या खांबावर ऐटीत दिसतं खरं, पण त्या खांबात कर्टन एअरबॅग असेल तर तिथे हात लावू नका. डॅशबोर्डवरची जागा बघा.

ऑइलचं गेज इलेक्ट्रिकच घ्यावं. जुन्या यांत्रिक प्रकारात गरम ऑइलची बारीक नळी थेट केबिनमध्ये येते. ती फुटली तर पाय भाजलाच. इलेक्ट्रिकमध्ये सेन्सर इंजिनावर राहतो, आत फक्त वायर येते. एका वायरच्या सेन्सरला अर्थिंग त्याच्या आट्यांमधूनच मिळतं. त्यावर टेफ्लॉन टेप सढळ हाताने गुंडाळली, की काटा वेडेवाकडे खेळ करतो आणि दोष बिचाऱ्या गेजला!

वायर फायरवॉलमधून आणताना रबरी ग्रॉमेट हवंच, नाहीतर पत्र्याची धार इन्सुलेशन कापते. प्रत्येक गेजला फ्यूजही हवा. व्होल्टमीटर लावलात तर इंजिन बंद असताना साधारण १२.६, चालू असताना १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत. चालू इंजिनावर १३ च्या खाली रेंगाळत असेल, तर आधी अल्टरनेटर तपासून घ्या.