कळा आणाव्यात की सिझर ठरवावे?



या सदरात आम्ही एरवी बेणे, लागण, खोडवा आणि खताचे डोस यांविषयी लिहितो. या अंकातील विषय वेगळा आहे. ऊस विकास अधिकाऱ्याने बाळंतपणावर कशाला लिहावे, असे काहींना वाटेल. पण हा प्रश्न आमच्या गट ऑफिसात चालून आला आणि नंतर आमच्या घरातही आला, म्हणून लिहीत आहोत.

सन २०२४ च्या जानेवारीत, ऐन हंगामात, एक सभासद आले. म्हणाले, "साहेब, माझी तोड चार दिवस पुढं ढकला. सोमवारी सुनंचं सिझर ठरवलंय."

आम्ही विचारले, "काही अडचण आहे का?"

"अडचण न्हाई. दिवस भरून वर गेल्यात. डॉक्टर म्हणत्यात, कळा आणून बघू. पण दोन-दोन दिवस कोण थांबणार? सोमवारचा मुहूर्त चांगला निघालाय, आन् मंगळवारी टोळी येतीया."

आम्ही तोड पुढे ढकलली. पण मनात आले की, उसाची तोड ठरवताना आपण जेवढी चौकशी करतो तेवढी तरी इथे झाली का? त्याच महिन्यात आमच्या पुतणीचे पहिले बाळंतपण होते. त्या वेळी सरकारी दवाखान्यातील डॉक्टरीणबाईंकडून जे समजून घेतले ते येथे मांडतो.

दिवस मोजणे

घरात आपण "नववा लागला" असे म्हणतो. डॉक्टर आठवडे मोजतात. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस, म्हणजे ४० आठवडे, ही अंदाजी तारीख होय. पहिल्या तीन महिन्यांतील सोनोग्राफीवरून ती जास्त बिनचूक कळते. म्हणून तो पहिला रिपोर्ट फाईलमध्ये जपून ठेवावा.

३७ आठवड्यांनंतर बाळ तसे पुऱ्या दिवसांचे समजतात. तरीपण ३९ आठवड्यांच्या आत, कळा नसताना, ठरवून सिझर केले तर बाळाला श्वासाचा त्रास होण्याचा संभव वाढतो. छातीतील पाणी हटून फुप्फुस तयार होण्यास कळांची मदत होते. म्हणून तसेच कारण असल्याशिवाय डॉक्टर ३९ आठवड्यांच्या आधी ठरवून सिझर करत नाहीत. मुहूर्त हे तसे कारण नव्हे, आणि टोळीची तारीख तर मुळीच नव्हे.

कळा कशा आणतात?

उसाची पक्वता आपण नुसत्या महिन्यांवर ठरवत नाही. हँड रिफ्रॅक्टोमीटरने शेंड्याचा आणि बुडख्याचा ब्रिक्स पाहतो. बाई म्हणजे उसाचा प्लॉट नव्हे, हे आम्हाला कळते. पण डॉक्टरही अशीच एक तपासणी करतात. पिशवीचे तोंड किती उघडले, किती पातळ झाले, किती मऊ आहे, कोणत्या दिशेला आहे आणि बाळाचे डोके किती खाली आले, या पाच गोष्टींना १३ पैकी गुण देतात. बिशप नावाच्या अमेरिकन डॉक्टरने १९६४ साली ही पद्धत मांडली. ८ किंवा जास्त गुण असतील तर कळा सहज लागू पडतात. ६ किंवा कमी असतील तर आधी तोंड मऊ करावे लागते.

तोंड मऊ करण्यासाठी गोळी किंवा जेल देतात, अथवा फुगा असलेली रबरी नळी बसवतात. मग पाण्याची पिशवी फोडतात आणि सलाईनमधून ऑक्सिटोसिन थेंबाथेंबाने सोडतात. तोंड कच्चे असलेल्या पहिलटकरणीला एक दिवस, कधी दोन दिवसही लागतात. याला अपयश समजू नये. कामच तसे आहे.

यात धोके आहेत. कळा फार जोराच्या आल्या तर बाळाचे ठोके बिघडू शकतात. म्हणून ठोके सतत पाहावे लागतात. सगळे करूनही तोंड उघडले नाही तर शेवटी सिझर करावे लागते, आणि अडल्यावर घाईत केलेले सिझर ठरवून केलेल्यापेक्षा अंगावर जास्त येते.

"सलाईन लावलं की सिझर ठरलेलंच," असे आपल्याकडे बोलतात. अमेरिकेत सहा हजारांवर निरोगी पहिलटकरणींवर केलेला एक मोठा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. ३९ व्या आठवड्यात कळा आणलेल्या बायकांत सुमारे १९ टक्क्यांना सिझर लागले. वाट पाहिलेल्या बायकांत सुमारे २२ टक्क्यांना लागले. म्हणजे कळा आणल्याने सिझर वाढले नाही, उलट थोडे कमीच झाले. मात्र अशा कामाला धीर आणि चोवीस तासांची देखरेख लागते.

ठरवून सिझर

तासाभरात काम होते, तारीख ठरवता येते, कळांचा ताण नसतो. हे फायदे खरे आहेत. पण ते पोटाचे मोठे ऑपरेशन आहे. रक्त जास्त जाते, टाक्यात पू होण्याची व पायात रक्ताची गुठळी धरण्याची भीती असते. पुढे सहा आठवडे जड उचलता येत नाही. वैरणीचा भारा, पाण्याची घागर, सगळे बंद. आपल्या घरात हे पाळले जाते का, याचा विचार आधीच करावा.

पुढच्या बाळंतपणाचाही हिशेब आहे. पिशवीवर व्रण राहिला की पुढच्या खेपेस वार त्या व्रणावर चिकटून बसण्याचा धोका असतो, आणि प्रत्येक सिझरला तो वाढतो. जिला अजून एक-दोन मुले हवी आहेत तिने हे जरूर विचारावे. एका सिझरनंतर पुढचे बाळंतपण सरळ होऊ शकते, पण जुना व्रण उकलण्याची थोडी भीती असल्याने ते मोठ्या दवाखान्यातच करावे. अशा बाईला कळा आणण्याच्या काही गोळ्या चालत नाहीत, म्हणून जुनी फाईल दाखवल्याशिवाय राहू नये.

कुठे निवड आहे, कुठे नाही

वार पिशवीच्या तोंडावर असेल, बाळ आडवे असेल, किंवा आधीच्या ऑपरेशनची चीर पिशवीवर उभी असेल, तर सिझरच करावे लागते. तेथे "नैसर्गिक होऊ द्या" असा हट्ट म्हणजे जिवाशी खेळ. आमच्याच वाडीत एका घरी वार तोंडावर असताना वडीलधाऱ्यांनी असा हट्ट धरला होता. मुलीच्या नवऱ्याने ऐकले नाही, म्हणून आज मायलेकरू घरी आहेत.

४१ आठवडे उलटले, कळांशिवाय पाणी गेले, ब्लडप्रेशर किंवा साखर वाढली, तर बहुधा कळा आणण्याचा सल्ला मिळतो. तेथे नुसते थांबून राहणे बरे नव्हे. बाळ मोठे वाटते, बाळ पायाळू आहे, किंवा आधी एक सिझर झाले आहे, अशा वेळी मात्र दोन्ही बाजू विचारून घ्याव्यात. सोनोग्राफीतील बाळाचे वजन हाही अंदाजच असतो.

एक सक्त सूचना. गावात किंवा फडावर कोणी "कळांचं इंजेक्शन" टोचायला आला तर त्याला दारातून परत पाठवा. म्हशीला पान्हा सुटावा म्हणून चोरून टोचतात तेच हे औषध. देखरेखीशिवाय दिले तर पिशवी फाटून बाई दगावते. जेथे ऑपरेशन, रक्त आणि भूल देणारे डॉक्टर यांची सोय आहे तेथेच कळा आणाव्यात.

आमच्या घरी काय झाले

पुतणीला अडतिसावा आठवडा संपता संपता ब्लडप्रेशर वाढले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता थांबता येणार नाही, पण मार्ग दोन आहेत. घरातील बहुतेकांचे मत सिझर. पुतणी म्हणाली, "मला अजून एक मूल हवंय. आधी कळा आणून बघू." बाईंनी दोन्हींची कल्पना दिली व बाळाचे ठोके बिघडले तर लगेच ऑपरेशन, असे सांगून ठेवले.

संध्याकाळी गोळी दिली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत विशेष काही नाही. वीस तास झाल्यावर आमचाच धीर सुटला. आम्ही बाईंना म्हणालो, "आता ऑपरेशन करून टाका." त्या म्हणाल्या, "बाळाचे ठोके चांगले आहेत, प्रेशर ताब्यात आहे. धीर तुमचा सुटलाय, तिचा नाही. तिला विचारा." आम्ही विचारले. ती म्हणाली, "काका, तुम्ही बाहेर जाऊन चहा घ्या." रात्री उशिरा मुलगी झाली. ठोके बिघडले असते तर सिझर झाले असते आणि तेही योग्यच ठरले असते.

सभासदांनी विचारावयाचे प्रश्न

१. आताच बाळंतपण करण्याचे कारण काय? थांबलो तर धोका कोणाला?
२. पिशवीचे तोंड तयार आहे का? किती वेळ लागेल?
३. कळा लागू पडल्या नाहीत तर पुढे काय, आणि ती सोय येथेच आहे का?
४. पुढच्या बाळंतपणावर काय परिणाम होईल?
५. बाळंतिणीचे स्वतःचे म्हणणे काय?

खर्चाची धास्ती नको. २०११ पासूनच्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधे, रक्त व ने-आण मोफत आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची मोफत तपासणीही असते. आपल्या फडावरील तोडणी कामगार बायकांनाही हे लागू आहे. त्यांचे कार्ड बहुधा गावी राहिलेले असते. तेव्हा कोपीवर कोणी गरोदर असेल तर मुकादमाला विचारून तिला जवळच्या आरोग्य केंद्रात नेण्याचे काम आपणच करावे. अडचणीच्या वेळी १०८ वर फोन करावा.

ज्या सभासदांची तोड आम्ही पुढे ढकलली त्यांच्या सुनेचे सिझर सुखरूप झाले. नातू गुटगुटीत आहे. परवा ते भेटले तेव्हा आम्ही वरील पाच प्रश्न त्यांना वाचून दाखवले. पाचव्याला ते थांबले. म्हणाले, "खरं सांगू का साहेब, तेवढं इचारायचं राहिलंच."

आपण ते विसरू नये, इतकीच विनंती.

आपला,
ऊस विकास अधिकारी