दुकानावरचे घर : भाडे, कायदा आणि श्रावकधर्म

खाली दुकान आणि वर राहते घर, ही गुलमंडी, सराफा, राजाबाजार, सिटी चौक या परिसरातील आपल्या व्यापारी कुटुंबांची जुनी रीत. पुढे कुटुंबे वाढली, गल्ल्या वाहनांनी भरल्या आणि बिऱ्हाडे सिडको, ज्योतीनगर, उस्मानपुऱ्याकडे गेली. दुकान मात्र जागीच राहिले. वरचा मजला बहुधा कुलूपबंद राहिला, नाही तर त्याचे गोदाम झाले. अलीकडे काही कुटुंबांनी अशा मजल्यांचे नूतनीकरण करून ते भाड्याने देण्यास आरंभ केला आहे. हा विचार करणाऱ्या वाचकांसाठी काही गोष्टी येथे मांडत आहे.

गर्दीच्या जुन्या शहरात राहायला कोण येणार, हा पहिला प्रश्न. पण मागणी आहे. घाटी रुग्णालयातील निवासी डॉक्टर व परिचारिका, स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी, बदलीवर आलेले कर्मचारी आणि १९८१ पासून येथे असलेल्या उच्च न्यायालयाच्या खंडपीठामुळे शहरात आलेली वकील मंडळी, अशा अनेकांना मध्यवर्ती घर हवे असते. बाजार, औषधे, बस, सारे पायी अंतरावर मिळते.

तरीही अनेक घरे बंदच राहतात, याचे कारण भीती. ‘भाडेकरू शिरला की निघत नाही’ हे वाक्य आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी असे आणि ते निराधार नव्हते. मराठवाड्यात पूर्वी हैदराबादचा १९५४ चा भाडे नियंत्रण कायदा लागू होता. अल्प भाड्याची कुळे आणि पिढ्यान्‌पिढ्या चाललेले दावे आपण पाहिले आहेत. तो कायदा रद्द करून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्यातील कलम २४ निवासासाठी दिलेल्या ‘लीव्ह अँड लायसन्स’विषयी आहे. कराराची मुदत संपल्यावर राहणाऱ्याने जागा सोडली नाही, तर मालकास सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि मुदतीनंतरच्या काळासाठी ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट भरपाई मागता येते. हे संरक्षण केवळ निवासासाठी आहे, हे ध्यानात ठेवावे. त्या जागेत शिकवणी वा कार्यालय चालू द्यायचे असेल, तर या कलमाचा आधार मिळणार नाही.

येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. ‘अकरा महिन्यांचा करार केला की नोंदणी लागत नाही’ अशी समजूत बाजारात पक्की आहे. महाराष्ट्रात ती चुकीची आहे. कलम ५५ नुसार मुदत कितीही असो, करार लेखी हवा, नोंदणीकृत हवा आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ती न केल्यास वाद उद्भवल्यावर कराराच्या अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्हीही होऊ शकतात.

आता खर्च पाहू. समजा, भाडे दरमहा १२,००० रुपये, अनामत ५०,००० रुपये आणि मुदत ३६ महिने. एकूण भाडे ४,३२,००० रुपये. अनामतीवर दरसाल दहा टक्के व्याज धरतात, ते तीन वर्षांचे १५,००० रुपये. बेरीज ४,४७,००० रुपये. त्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क म्हणजे अकराशे-बाराशे रुपये आणि महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क १,००० रुपये. आधार क्रमांक व अंगठ्याच्या ठशाने ही नोंदणी घरबसल्या ऑनलाइन होते. तीन वर्षांच्या निश्चिंततेसाठी एवढी रक्कम कोणत्याही व्यापाऱ्याला जड वाटू नये. मिळकत चार भावांच्या नावे असेल, तर चौघांच्या सह्या किंवा रीतसर कुलमुखत्यारपत्र मात्र आवश्यक. बँकेत कागदपत्रे तपासताना वादाचे मूळ बहुधा याच एका गाळलेल्या सहीत सापडे.

नूतनीकरणाविषयीही दोन शब्द. जुन्या वाड्यांच्या भिंती दगड-विटा व चुन्याच्या, छत लाकडी तुळयांचे. अशा मजल्यावर नवे स्नानगृह काढण्यापूर्वी, भिंत फोडण्यापूर्वी अभियंत्याला दाखवावे आणि महापालिकेची परवानगी पाहावी. चकचकीत फरशीखाली ओल मुरत राहिली, तर एका पावसाळ्यात भाडेकरूही जातो आणि तुळईही. वीजमीटर दुकानाचा व घराचा वेगळा असावा, कारण दोन्हींचे दर वेगळे असतात. आपल्या शहरात नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने येते. म्हणून फरशी व रंगापेक्षा टाकीची क्षमता अधिक महत्त्वाची, आणि पाणी कोणत्या दिवशी येते हे भाडेकरूला प्रथमच सांगावे.

प्राप्तिकराच्या हिशेबात भाड्यातून भरलेला मिळकतकर वजा करून उरलेल्या रकमेवर ३० टक्के सरसकट वजावट मिळते. नूतनीकरणाचा खर्च वेगळा दाखवता येत नाही. त्यासाठी कर्ज काढले असेल, तर व्याजाची वजावट मिळते. भाडेकरू जीएसटी नोंदणीकृत असून घर फर्मसाठी घेत असेल, तर १८ टक्के कर भरण्याची जबाबदारी त्याची असते. स्वतःच्या राहण्यासाठी व्यक्तिशः घेतल्यास तो लागत नाही.

इथवर कायदा झाला. पुढचा भाग श्रावकधर्माचा. तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांतील दोन भाडेव्यवहाराला तंतोतंत लागू पडतात. एक कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा लेख करणे. करारात आठ हजार लिहायचे आणि चार हजार रोख घ्यायचे, हा व्यवहार याहून वेगळा कसा म्हणावा? दुसरा न्यासापहार, म्हणजे विश्वासाने ठेवलेली ठेव बुडवणे. भाडेकरूची अनामत ही आपली कमाई नव्हे, ती ठेव आहे. घर सोडताना रंग, खिळे, डाग अशी कारणे काढून ती अर्धी गिळणे किती सर्रास चालते! ताबा देताना भिंती, नळ, दिवे यांची छायाचित्रे घेऊन दोघांच्या सहीची यादी करावी. हिशेब स्वच्छ राहतो, मनही.

सर्वांत नाजूक प्रश्न : घर कोणाला द्यावे? दुकानाच्या माथ्यावर किंवा शेजारी आपले चैत्यालय वा चौका असेल, तर त्या छताखाली मांसाहार व मद्य नको, असे वाटणे स्वाभाविक आहे. ती अट पहिल्या भेटीतच स्पष्ट सांगावी आणि करारात लिहावी. पण अट आचरणाची असावी, आडनावाची नव्हे. नाव ऐकताच ‘घर दिले गेले’ असे सांगणे हे असत्य तर आहेच, शिवाय ते समोरच्याला दुखावते. मलिक अंबरने १६१० मध्ये वसवलेल्या या गावात आपण परमुलखातून व्यापाराला आलेल्यांचे वंशज. गुलमंडीवर आपली पेढी चालली ती सर्व जातिधर्मांच्या गिऱ्हाइकांमुळे. गल्ल्यावर ज्याचे पैसे चालतात, त्याला जिन्यावर पाऊल ठेवता येऊ नये, हे अनेकांताचा वारसा सांगणाऱ्यांना शोभत नाही.

आज आपली मुले पुणे, बंगळूरु, हैदराबादेत घर शोधत हिंडतात. अपरिचित मालकाने त्यांना आडनावाने नव्हे, वागणुकीने जोखावे, अशी आपली अपेक्षा असते. तोच न्याय आपल्या दारी येणाऱ्याला लावावा. घाटीत रात्रपाळी करून आलेली परिचारिका किंवा लातूर-बीडहून परीक्षेसाठी आलेला मुलगा वर निवांत झोपला असेल, वेळेवर भाडे येत असेल आणि आजोबांनी बांधलेली वास्तू नांदती राहत असेल, तर यात तोटा कोणाचा? बंद घराला वाळवी लागते, नांदत्या घराची डागडुजी होते.

या चातुर्मासात कुलूपबंद मजल्याची किल्ली काढून एकदा वर जाऊन पाहावे, एवढीच विनंती. जय जिनेंद्र.